लाल टाकी, नारिंगी नळी

मराठी कुटुंब बाहेरगावी निघालं की दाराला कुलूप लागण्याआधी एक प्रश्न विचारला जातो : ‘अगं, गॅस बंद केलास का?’ मुंबईहून पुण्याला निघालेल्या माणसाला तो कर्जत मागे पडल्यावर पुन्हा आठवतो आणि लोणावळ्याला चिक्की घेताना तिसऱ्यांदा. ‘केलाय हो,’ हे उत्तरही तिन्ही वेळा येतं. नेमकं काय केलंय, ते मात्र कोणी विचारत नाही. शेगडीचा नॉब फिरवणं आणि सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद करणं यांत पुष्कळ अंतर आहे. नुसता नॉब बंद केला तर सिलिंडरपासून शेगडीपर्यंतची नळी गॅसने भरलेलीच राहते, आणि आठ दिवसांच्या रिकाम्या घरात ती नळी, तिची दोन्ही टोकं आणि स्वयंपाकघरात वस्तीला असलेला उंदीर यांना एकमेकांच्या सहवासाची पूर्ण मोकळीक मिळते. म्हणजे काळजी खरी, प्रश्न रास्त, आणि तरीही बंदोबस्त शून्य. आपल्या घरांत गॅसच्या भीतीचा तुटवडा मुळीच नाही. तुटवडा आहे तो तिच्या वाटपात. सगळी भीती त्या लाल टाकीवर खर्च होऊन जाते आणि जिथे तिची खरी गरज असते तिथे पोचेपर्यंत काही शिल्लकच राहत नाही.

त्या टाकीला घाबरण्यामागे दृश्य कारणं आहेत, हे मान्य करायला हवं. ती मोठी आहे, लाल आहे, आपटली की घणघणते, आणि आत १४.२ किलो ज्वालाग्राही पदार्थ दाबून बसवलेला आहे. हा पदार्थ म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. दाबाखाली तो द्रवरूपात राहतो आणि मोकळा झाला की साधारण अडीचशे पट जागा व्यापतो. पण याच कारणांमुळे ज्यांनी ही टाकी बनवली तेही तिला घाबरले, आणि त्यांची भीती कामाची निघाली. टाकीच्या आत एरवी दर चौरस सेंटीमीटरला पाच-सात किलोंच्या आसपास दाब असतो. तिची परीक्षा २५ किलोंच्या दाबाला घेतात. नवी टाकी दहा वर्षांनी आणि नंतर दर पाच वर्षांनी पुन्हा या परीक्षेला बसते. पुढची परीक्षा कधी, ते टाकीच्या मानेभोवतीच्या उभ्या पट्ट्यांवर आतल्या बाजूने रंगवलेलं असतं. ‘बी’ आणि पुढे साल असेल तर त्या सालचे एप्रिल ते जून. ‘ए’ म्हणजे त्याआधीची तिमाही, ‘सी’ आणि ‘डी’ म्हणजे नंतरच्या दोन. घरातल्या कर्त्या पुरुषाची रक्तशर्करासुद्धा इतक्या शिस्तीत तपासली जात नाही. थोडक्यात, स्वयंपाकघरातली सगळ्यात कसून तपासलेली वस्तू कोणती असेल तर ती हीच, आणि आपण नेमके तिच्याकडेच संशयाने बघतो.

संशयाबरोबर भक्तीही आहे. नवा सिलिंडर घरात आला की काही घरांत त्याला हळदकुंकू लागतं, दसऱ्याला झेंडूची माळ पडते, आणि एरवी सासूसासऱ्यांच्या फोटोलाही न मिळणारा कोपरा त्याला राखून ठेवतात. ही सगळी आदबशीर वागणूक साधारण चाळीस दिवस टिकते. मग एक दिवस ज्योत मंदावते. दुसऱ्या सिलिंडरचा नंबर लावलेला असतो पण तो आलेला नसतो, पाहुणे मात्र आलेले असतात. तेव्हा याच पूज्य वस्तूला आडवं पाडलं जातं, हलवलं जातं, गरम पाण्याच्या परातीत बसवलं जातं. यामागे थोडं शास्त्र आहे, म्हणूनच ही खोड जात नाही. द्रवाचा वायू होताना उष्णता लागते, ती टाकीतूनच घेतली जाते आणि उरलेला द्रव गार होत जातो. त्यात प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळायला राजी असतं, पण ब्युटेनला शून्याच्या आसपास यावं लागतं. म्हणून हिवाळ्यात तळाशी उरलेला गॅस बाहेर यायला कुरकुरतो. थंड मुलखात घराघरांत निव्वळ प्रोपेन वापरतात ते याचमुळे. सिलिंडर आडवा केला की मात्र वायूऐवजी द्रवच व्हॉल्व्हच्या तोंडाशी येतो, रेग्युलेटरमधून पुढे सरकतो आणि त्याचा अडीचशे पट विस्तार शेगडीवर होतो. ताठ उभा असताना ज्याची भीती वाटत होती त्याला आपण निर्धास्तपणे लोळवतो, कारण आता प्रश्न पाच-सहा पुऱ्यांचा असतो.

इथे वर्तमानपत्र वाचणारा माणूस आक्षेप घेणार. ‘सिलिंडरचा स्फोट’ हे शब्द दर काही दिवसांनी छापून येतातच की! येतात. पण बातमीखालचं छायाचित्र नीट पाहिलं तर अनेकदा छप्पर उडालेलं असतं, भिंत पडलेली असते, खिडकी रस्त्यावर असते आणि ढिगाऱ्यात सिलिंडर जवळपास अखंड उभा असतो. फुटते ती खोली. गॅस कुठून तरी झिरपत राहतो, हवेत मिसळतो, ठिणगी मिळते आणि क्षणात खोलीभर पेट घेतो. सिलिंडर स्वतः फुटतो तो बहुधा आगीच्या मधोमध सापडून तापत राहिल्यावर. म्हणजे तो दुसऱ्या अंकात येतो, आणि पहिल्या अंकातले कलाकार वेगळेच असतात. पण ‘वॉशर झिजल्यामुळे दुर्घटना’ असा मथळा कोणी देणार नाही. कल्याणच्या लोकलमध्ये तो मोठ्याने वाचला तर समोरचा पानसुद्धा मागणार नाही.

या पहिल्या अंकातली प्रमुख भूमिका नळीची. रेग्युलेटर टाकीतला पाच-सात किलोंचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३० ग्रॅमवर आणून ठेवतो, तेव्हा नळीच्या वाट्याला येणारा दाब अगदी किरकोळ असतो. तिला मारतो तो संसार. शेगडीची धग, फोडणीचे शिंतोडे, ओट्याच्या कडेवर पडलेली कायमची घडी, आणि उंदराचे दात. म्हणून हल्ली आतून तारेची जाळी असलेली नारिंगी ‘सुरक्षा’ नळी देतात. तिच्यावर आयएसआयची खूण असते, सालही छापलेलं असतं, आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते. ओट्याला काळा ग्रॅनाइट, वर आवाज न करणारी चिमणी, ड्रॉवर हळुवार बंद होणारे, आणि या सगळ्या वैभवाच्या खाली मुलाच्या मुंजीत बसवलेली हिरवी नळी, असं दृश्य मध्यमवर्गीय घरांत दुर्मीळ नाही. मुलगा आता स्वतःच्या घराचे हप्ते भरतो. नळी बदलायची नाही पण तिची अब्रू राखायची, म्हणून काही गृहिणी तिला फुलाफुलांचा कापडी अभ्रा शिवतात. नळीला तडा गेला आहे हे दिसू नये यासाठी इतका सोयीचा उपाय दुसरा नाही. नवी नळी शेगडीच्या तोटीवर चढत नसेल तर तिचं टोक गरम करून सैल करायचं, हाही एक पिढीजात शोध आहे. तो लावणाऱ्याला त्या वेळी नळी चढवायची असते, पुढच्या पाच वर्षांचं त्याला काही घेणंदेणं नसतं.

नळीच्या खालोखाल मान त्या काळ्या रबरी वॉशरचा. व्हॉल्व्हच्या आत बसणारी ही चकती नसेल, चिरली असेल किंवा वेडीवाकडी बसली असेल तर रेग्युलेटर कितीही घट्ट बसो, गॅस कडेने निघतो. हे सिलिंडर घेतानाच पाहायचं असतं आणि आणणाऱ्याला दाखवायला सांगायचं असतं. आपण त्या वेळी वेगळ्या कामात असतो. मोबाइलवर आलेला कोड शोधायचा, सुट्टे पैसे जुळवायचे, आणि सिलिंडर वजनाला कमी तर नाही ना, असा तिरका नजरबाण त्याच्यावर टाकायचा. वजन तपासायला काही हरकत नाही, ग्राहकाचा तो हक्कच आहे. पण अर्धा किलो गॅस कमी आल्याचं दुःख ज्याला होतं, तोच माणूस वॉशरमधून महिनाभर झिरपणारा गॅस ‘थोडा वास येतो कधीकधी’ म्हणून सोडून देतो, हे हिशोबात बसत नाही. गळती तपासायला साबणाचं पाणी पुरतं. जोडावर लावायचं, बुडबुडे आले तर गळती. यालाही पर्याय काढणारे वीर आहेत. ते काडी पेटवून जोडाजवळ धरतात. ही पद्धत अचूक आहे, यात वाद नाही. उत्तर लगेच मिळतं.

गळलेला गॅस कुठे जातो, हा प्रश्न आपल्याला पडत नाही, कारण वायू म्हणजे वर जाणारी गोष्ट अशी आपली समजूत आहे. धूर वर जातो, वाफ वर जाते, पुण्यात्मेही वर जातात. पण प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, ब्युटेन जवळजवळ दुप्पट. त्यामुळे हा गॅस सांडलेल्या ताकासारखा जमिनीलगत पसरतो, उतार शोधतो, ट्रॉलीच्या खाली, मोरीच्या जाळीत जाऊन बसतो. हवेत त्याचं प्रमाण सुमारे दोन टक्के झालं की पेटायला तयार. आठ बाय दहा फुटांच्या, दहा फूट उंच स्वयंपाकघराचा हिशोब केला तर सगळीकडे सारखा मिसळलेला साधारण एक किलो गॅस त्याला पुरतो. तो सारखा मिसळतच नाही, खालीच साचतो, म्हणून घोट्याच्या उंचीवर धोका तयार व्हायला त्याहून खूपच कमी लागतो. इकडे आपण काय केलं आहे? सिलिंडर शोभत नाही म्हणून त्याला लाकडी कपाटात कोंडलं, कपाटाला खालून जाळी ठेवली तर झुरळं जातात म्हणून ती बुजवली, आणि वास आला तर उंचावरची खिडकी उघडायची असं ठरवलं. त्याहून वाईट म्हणजे वास आला की माणूस आधी दिवा लावतो. काय झालंय ते नीट दिसायला नको का? मग एक्झॉस्ट पंखा. बटण दाबताना आत पडणारी बारीक ठिणगी एवढ्या कामाला पुरेशी असते, आणि ते बंद करतानाही पडते. फ्रिज तर कोणाच्या परवानगीची वाट न बघता आपलं आपण चालू-बंद होत असतो. अशा वेळी कुठल्याही बटणाला हात न लावता ज्योत असेल ती विझवायची, रेग्युलेटर बंद करून काढायचा, सिलिंडरला बांधलेली प्लास्टिकची टोपी व्हॉल्व्हवर बसवायची, दारं-खिडक्या सताड उघडायच्या, आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकाला फोन करायचा. ती टोपी बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी दोरी तोडून फेकलेली असते. फार तर लहान मुलाने भातुकलीत घेतलेली असते.

‘पण वास येतोच ना!’ हा पुढचा आक्षेप, आणि तो वजनदार आहे. मूळ गॅसला वास नाही. तो मुद्दाम घातलेला असतो, इथिल मर्कॅप्टन नावाच्या द्रव्याचा. अब्जात काही भाग एवढा असला तरी माणसाचं नाक ते ओळखतं. या खबरदारीमागे मोठी किंमत मोजलेली आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाचा नैसर्गिक वायू तळघरात साचला, स्फोट झाला आणि जवळपास तीनशे मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर गॅसला वास देणं सक्तीचं होत गेलं. प्रमाण असं ठेवतात, की पेटण्याजोग्या पातळीच्या एक-पंचमांशावरच वास कळावा. तेव्हा नाकाचा आधार खोटा नाही. पण हे नाक सर्दीने बंद असतं, वयाने बोथट होतं, झोपेत कामावर नसतं, आणि एकाच वासात काही वेळ राहिलं की त्याची दखल घेणंच सोडून देतं. त्यात मराठी स्वयंपाकघरात सुकट भाजली जात असेल, शेजारच्या खोलीत धूप पेटला असेल, तर मर्कॅप्टनने कितीही आरडाओरड केली तरी ऐकायला कोण आहे? शिवाय घरात कोणाचं नाक ग्राह्य धरायचं याचे अलिखित नियम असतात. सून म्हणाली वास येतोय तर तिला भास होतो. सासूबाई म्हणाल्या तर त्यांचं वय झालं. कर्त्या पुरुषाला आला तरच तो वास, आणि तो सकाळी साडेआठला घराबाहेर पडतो.

आणि जिथे नाकाला मुळी कामच नाही असाही एक कोपरा आपण घरात तयार केला आहे. विजेचं बिल कमी येतं म्हणून न्हाणीघरात गॅस गिझर आला. त्याचा बर्नर शेगडीच्या चार-पाच बर्नरांइतका तरी गॅस जाळतो, आणि जळायला तेवढाच प्राणवायू मागतो. थंडी लागते म्हणून झरोका बंद, दार बंद, कडीही आतून. प्राणवायू कमी पडला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, मर्कॅप्टनही नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. महाराष्ट्रात यापायी गेलेल्या माणसांच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि त्यांत विनोद करण्यासारखं काही नाही. यंत्र न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलं आणि गरम पाणी नळाने आत आणलं तर प्रश्न संपतो. बाहेर बसवायला पाच-सहा फूट जादा पाइप लागतो, एवढीच अडचण. सिलिंडरजवळून जाताना चप्पल काढणारी माणसं त्या पाच-सहा फुटांसाठी प्लंबरशी घासाघीस करतात.

राहिला सगळ्यात जुना आक्षेप : ‘इतकी वर्षं वापरतोय, काही झालं नाही.’ हे खरंच आहे, आणि याचं श्रेय बहुतांशी टाकी, व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर बनवणाऱ्यांचं आहे. मुंबईत बर्माशेल कंपनीने हा गॅस घरात आणला त्याला आता सुमारे सत्तर वर्षं झाली. त्याआधीच्या पंप मारायच्या स्टोव्हच्या तुलनेत हे साधन इतकं सोशिक निघालं, की आपल्या सवयी सुधारण्याची वेळच त्याने आणली नाही. आधी नॉब फिरवायचा आणि मग ‘लायटर कुठे ठेवलाय?’ अशी हाक मारायची. तो सापडेपर्यंत गॅस चालूच. दूध चढवून मालिकेतल्या सुनेची अग्निपरीक्षा बघायला जायचं, इकडे ते उतू जाऊन ज्योत विझवतं आणि गॅस पुढे येतच राहतो. दूध उतू गेलं की शुभ, असं म्हणणाऱ्यांनी ते बहुधा चुलीकडे बघून म्हटलं असावं. आणि ‘काही झालं नाही’ हे म्हणतं कोण, तेही बघण्यासारखं आहे. ते बहुधा महिन्या-दीड महिन्यातून एकदा सिलिंडर बदलणारा म्हणतो, आणि त्या पाच मिनिटांत घरातल्या सगळ्यांना दूर उभं राहायला लावून तो सुरुंग निकामी केल्याच्या थाटात हात झटकतो. उरलेले दिवस शेगडीपुढे जी उभी असते तिचं मत वेगळं असू शकतं. २०१६ साली उज्ज्वला योजना आली तेव्हा जोडणी बाईच्या नावावर देण्याचा निर्णय झाला. रेग्युलेटर तिच्या हातात किती घरांत आला, ते वेगळं बघावं लागेल.

तेल कंपन्यांनी अलीकडे सिलिंडर पोचवणाऱ्यांमार्फत घरोघरी मोफत तपासणीची मोहीम काढली. तीत कोट्यवधी घरं पाहिली गेली आणि कोट्यवधी नळ्या सवलतीत बदलल्या गेल्या. आकडा अभिमानाचा आहे. त्याची दुसरी बाजू अशी, की कोणी दारात येऊन सांगेपर्यंत त्या नळ्या जागच्या जागी होत्या. शहरांत आता हाही मार्ग आखडत चालला आहे, कारण सिलिंडर जाऊन पाइप गॅस येतो आहे. हा मिथेन, हवेच्या साधारण निम्म्या वजनाचा. हा खरोखरच वर जातो. म्हणजे जमिनीलगत शोधायची सवय अजून लागलीच नव्हती, ती न लागल्याचा पहिल्यांदाच फायदा. पण भिंतीतल्या तोटीपासून शेगडीपर्यंतची शेवटची रबरी नळी इथेही आहे, तिलाही वय आहे. सिलिंडर संपायचा तेव्हा निदान दीड महिन्यातून एकदा कोणीतरी ओट्याखाली वाकायचं, आणि वाकलंच आहे तर नळीकडे नजर जायची. हा गॅस संपतच नाही, त्यामुळे वाकण्याचं कारणच उरलं नाही. ओट्याखाली कांदे-बटाटे आले आहेत. दोन महिन्यांनी बिल मात्र येतं आणि ते घरातले तिघे जण चष्मा लावून वाचतात, युनिट मोजतात, गेल्या वेळेपेक्षा बावीस रुपये का वाढले यावर जेवताना चर्चा होते. नळी बदलायची तारीख त्या बिलावर छापता येईल, फक्त ‘सुरक्षा सूचना’ या शीर्षकाखाली छापू नये, ते कोणी वाचत नाही. ‘विलंब आकार’ या रकान्यात छापावी.